प्रेस्थिंदिर, म्हणजे एखाद्यावाचून चालवून घेणे

स्पॅनिश मला फारशी येत नाही. खाणे, जाणे, असणे, हवे असणे ही क्रियापदं पहिल्या महिन्यात कोणालाही येतात, तेवढी आली. त्यांच्यापलीकडचं एकच क्रियापद मी पूर्ण शिकले. त्याचा अर्थ काय, ते कोण वापरतं, कोणाविषयी वापरतं आणि कुठे वापरत नाहीत, एवढं सगळं. ते क्रियापद म्हणजे ‘प्रेस्थिंदिर’. मोबाईलमधला शब्दकोश त्याचा उच्चार ‘प्रेसिंदिर’ असा ऐकवतो. मला शिकवणारे गृहस्थ उत्तर स्पेनमधले होते. ते जिभेचं टोक दातांत धरून ‘थ’ म्हणत, म्हणून माझ्याही तोंडी ‘थ’ बसला.

नगरला मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. पानं इथेच लागत. पुढे ती पुण्यात लावायची असं ठरलं. वार्ताहर राहिले, डेस्क गेलं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी कामावर नव्हते. ती बातमी मी घरी चहा पिताना, वाचक म्हणून वाचली आणि सवयीने तिचा शेवटचा परिच्छेद मनातल्या मनात कापला.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याची मालकी स्पेनमधल्या कंपनीची. तिथल्या उत्पादनाची जबाबदारी घेऊन मला शिकवणारे हे अभियंते आले होते आणि केडगावला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होते. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना मराठी शिकायचं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, लाईनवरचा माणूस हातवारे करत बराच वेळ बोलतो, मग दुभाष्या माझ्याकडे वळून सांगतो, ‘सगळं ठीक आहे म्हणतोय.’ तो नक्की काय म्हणतो ते मला ऐकायचंय.

मी पैसे घेणार नव्हते. त्यांना फुकट शिकणं पटेना. शेवटी रविवारी सकाळी अर्धा वेळ मराठी आणि अर्धा वेळ स्पॅनिश, असं ठरलं. मला स्पॅनिशचा काहीही उपयोग नव्हता. रविवार मात्र रिकामा होता.

कारखान्यात त्यांना ‘पाना सायेब’ म्हणतात, हे मला माझ्या भाडेकरणीने सांगितलं. स्पॅनिशचं स्पॅनर झालं आणि स्पॅनरचा पाना. ही बाई आमच्या वरच्या खोलीत राहायची. जामखेड तालुक्यातली, तिशीची, नवरा अपघातात गेलेला. त्याच कारखान्यात ती ठेकेदारामार्फत तपासणीच्या टेबलावर कामाला होती. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि चांगला की वाईट ते ठरवून दोनांपैकी एका ट्रेमध्ये टाकायचा. तिची मुलगी गावी आईजवळ होती, चौथीत. तिला जूनमध्ये नगरला आणायचं आणि इथल्या शाळेत पाचवीला घालायचं, हा तिचा बेत मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले होते. खोली बघायला आली तेव्हा तिने पाणी किती वेळ येतं हे विचारलं नाही. आधी खिडकी उघडली आणि म्हणाली, “ताई, ती शाळा दिसती का हितून?” शाळा दिसत होती. तिने खोली घेतली.

आता ‘ब्रेक’विषयी सांगायला हवं. सुप्यात आणि अशा सगळ्याच वसाहतींमध्ये ठेकेदाराकडच्या कामगाराला काही महिने झाले की ब्रेक देतात. सुपरवायझर येऊन म्हणतो, उद्यापासून ब्रेक. कामगार गेटचा पास जमा करतो आणि गावी जातो. महिना-दीड महिन्याने फोन येतो, नवा पास मिळतो आणि त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. त्याचा कुठे कागद नसतो. कायद्याच्या दृष्टीने याला काय म्हणायचं, त्यावर आमच्या वर्तमानपत्रात कधीतरी लेख आले होते. कामगार मात्र त्याला सुट्टीच मानतात. लग्नं ब्रेकमध्ये काढतात, घरं ब्रेकमध्ये शाकारतात. सुप्याचे खोलीमालकही भाडेकरूला विचारतात, “ब्रेक कधी?” आमची भाडेकरीण तीनदा ब्रेकवर जाऊन आली होती. दर वेळी येताना बाजरी, तूरडाळ आणि आईने केलेली खारवडी आणायची. ठेकेदाराकडून निघून कंपनीच्या पटावर जायचं, तिथे ब्रेक नसतो, आणि मग मुलीला आणायचं, असं ती म्हणायची. पुढे तिने पटाची अट स्वतःच काढून टाकली. “पट काय, आज ना उद्या हुईल. पोरगी काय थांबती का मोठी व्हायची?”

एका रविवारी अभियंत्यांनी विचारलं की वर्तमानपत्रात माझं काम नेमकं काय होतं. मी त्या दिवशीचा अंक घेतला, एक बातमी काढली आणि पेन्सिलीने तिचे दोन परिच्छेद आडवे कापले. हे गेलं तरी चालतं, असं सांगितलं. ते म्हणाले, याला आमच्याकडे एक क्रियापद आहे. आणि त्यांनी ते उच्चारलं.

अर्थ लगेच लागला नाही. ‘गरज नसणे’ असा मी अर्थ लावला. ते म्हणाले, नाही. गरज नसली तर हे क्रियापद लागतच नाही. वस्तू होती, तुम्ही ती वापरत होता आणि आता तिच्याशिवाय भागवायचं ठरवलंय, तेव्हा ते लागतं. डॉक्टर सांगतो, मिठाशिवाय भागवा. फुटबॉलचा प्रशिक्षक वार्ताहरांना सांगतो की या मोसमात आम्ही अमुक खेळाडूशिवाय भागवू. कंपनी कामगाराला कळवते. मूळ लॅटिन शब्दात कापणं आहे, तेही त्यांनी सांगितलं. घरात कोणी हे क्रियापद वापरत नाही. आई मुलाला असं म्हणत नाही, नवरा-बायको भांडतानाही म्हणत नाहीत. कर्ता नेहमी भागवून घेणारा असतो. ज्याच्याशिवाय भागवायचं त्याचं नाव ‘दे’ या अव्ययामागे शेवटी येतं आणि वाक्यात त्याला करायला काही नसतं.

मी म्हटलं, मराठीत आम्ही ‘वाचून’ म्हणू. मिठावाचून चालवून घेणे. पण मग मला थांबावं लागलं. ‘वाचून’ आमच्याकडे बहुतेक नकारालाच लागून येतं. तुझ्यावाचून करमत नाही. तिच्यावाचून पान हलत नाही. कोणावाचून कोणाचं अडत नाही. होकारात ते ऐकायला विचित्र लागतं, जरी चूक म्हणता येत नसलं तरी. हे ऐकून ते खूश झाले. स्पॅनिशमध्येही अगदी तसंच आहे म्हणाले. ‘इम्प्रेस्थिंदिब्ले’, ज्याच्यावाचून चालतच नाही, हा शब्द भाजीवालीसुद्धा वापरते. साधं, नकार नसलेलं क्रियापद तेवढं कचेऱ्यांसाठी ठेवलंय.

मग ते त्यांच्या मराठीत म्हणाले, “माझे वडील भट्टी. लोखंड.” त्यांच्या गावात पोलादाचा कारखाना होता आणि वडील तिथे भट्टीवर कामाला होते. हे क्रियापद त्यांना टपालाने आलं. “वडील वाचले. आई विचारली, म्हणजे काय? वडील म्हणाले, उद्या डबा नको.”

मी त्यांचं ‘वडील वाचले’ दुरुस्त केलं: वडिलांनी वाचलं. त्यांनी ते पुन्हा नीट म्हटलं. पाठ तिथेच संपला.

एप्रिल संपता संपता, एका शनिवारी, संध्याकाळी भाडेकरीण कंपनीच्या बसमधून उतरली ती हसतच जिन्याशी आली. हातात लाडवाचा पुडा होता.

“ताई, आज गंमत. पाना सायेब मराठी बोलला! लाकडाच्या त्या पाटावर उबा ऱ्हायला, माल ठिवत्यात त्याच्यावर. समद्यांना बोलावलं. शाळेतल्या पोरासारखा हात मागं बांदलेला.”

“काय बोलले?”

“चांगलं बोलला की. ‘तुमचं काम चांगलं. तुमचा हात चांगला. कंपनीला आता तुमच्यावाचून चालवून घ्यायचं आहे.’ डोळ्यात पानी आल्तं बिचाऱ्याच्या. आमी टाळ्या वाजिवल्या. एकीनं लाडू आनलं हुतं पोराच्या वाढदिवसाचं, त्ये त्याला दिलं.”

“आणि सुपरवायझर?”

“तो म्हनला, चला, ब्रेक हाय, पास जमा करा. म्या उद्या सकाळच्या यस्टीनं चालले गावाला.”

ते वाक्य मी ओळखलं. ते माझ्या बैठकीत तयार झालं होतं. मी तिला बसायला सांगितलं. ती पायरीवर बसली. मी तिला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. हे त्यांच्या भाषेतल्या एका क्रियापदाचं मराठी आहे. कंपन्या ते माणसाला कायमचं कामावरून कमी करताना वापरतात. त्यांनी मला काम बंद होतंय असं काही सांगितलेलं नाही, पण ब्रेकसाठी कोणी असं उभं राहून बोलत नाही.

ती ऐकत होती, पण पुड्याची गाठ सोडत.

“सुपरवायझरने कागद दिला का?” मी विचारलं.

“ब्रेकला कुटं कागूद आसतो, ताई?”

“म्हणूनच म्हणते. एकदा नीट विचारून घे.”

“कुनाला इचारू? सुपरवायझर म्हनला, जूनच्या पयल्या हप्त्यात फोन करतो. तीन टायमाला ह्योच म्हनला आन तीन टायमाला फोन आला.” मग तिने लाडू माझ्या हातावर ठेवला आणि हसून म्हणाली, “तुमचा पेपर गेला म्हनून काय समद्यांचं जातं व्हय?”

माझ्याकडे एक क्रियापद होतं आणि तिच्याकडे तीन वेळचा अनुभव. बातमीचा नियम लावला तर तिचाच पुरावा वरचढ ठरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना खिडकी लावलेली नव्हती. पाऊस आला तर लावा, असं सांगून गेली.

त्याच दिवशी, रविवारी, अभियंते वेळेवर आले. शांत दिसत होते. एखादं अवघड काम नीट पार पाडलेल्या माणसासारखे. इंग्रजीत म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. ज्या गाडीसाठी ती लाईन होती, ती गाडी बंद होतेय. यंत्रं दुसऱ्या देशातल्या कारखान्यात जाणार. त्या लाईनवरचे ठेकेदाराकडचे सगळे कमी झाले. मुख्य कचेरीच्या कळवण्यात तेच क्रियापद होतं. ठेकेदाराला पत्र गेलं होतं आणि कायद्याच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं. पण त्यांना ते लोकांच्या तोंडावर आणि त्यांच्या भाषेत सांगायचं होतं. त्यांनी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायची परवानगी नव्हती. माझ्या पाठांतून त्यांनी वाक्य जुळवलं आणि तीन रात्री म्हणून पाहिलं.

“ते समजले,” ते म्हणाले. “कोणी ओरडलं नाही. हात मिळवले. सगळे म्हणाले, ‘येतो सायेब.’ तुम्हीच शिकवलं, जाताना ‘जातो’ म्हणत नाहीत.”

मी त्यांना ब्रेक म्हणजे काय ते सांगितलं. ब्रेक त्यांना ठाऊक होता. दर महिन्याच्या तक्त्यात त्याचा रकाना होता, आळीपाळीने माणसं बदलण्याचा. त्या रकान्यातल्या माणसाला परत बोलावणं येतंच आणि तो आपली खोली, भांडी, मुलांची शाळा त्याच भरवशावर ठेवून जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वाक्यात ‘कायमचं’ हा शब्द नव्हता. स्पॅनिशमध्ये तो लागत नाही, क्रियापदातच असतो. मराठीतही मला तो लागेल असं वाटलं नसतं. सुप्यात लागत होता.

मग त्यांनी विचारलं, “ती पण?” त्यांना माझ्या वरच्या खोलीत कोण राहतं ते माहीत होतं.

मी तिला फोन लावला. तिकडे रेंज येत-जात होती. मी सांगितलं की आता साहेबांनी स्वतःच सांगितलंय, लाईन बंद झाली. ती म्हणाली, “ताई, सायेबाचं मराठी तुमाला आजून कळंना झालंय.” आणि हसली. मग म्हणाली की एक तारखेला निकाल आहे, लगेच पोरीचा दाखला काढून घेते, म्हणजे जूनमध्ये धावपळ नको. मी म्हटलं, दाखला आत्ता काढू नकोस. तेवढ्यात आवाज तुटला. परत लावला तर लागला नाही.

अभियंत्यांनी सोमवारी ठेकेदाराला सांगितलं की सगळ्यांना फोन करून खरं काय ते कळवा. ठेकेदार म्हणाला, कळेल त्यांना, लेबर आहे. मनुष्यबळ विभागाने ठेकेदाराच्या यादीवर संदेश पाठवला, तो इंग्रजीत. पुढच्या रविवारी ते सकाळी गाडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पाठ नव्हता. म्हणाले, जामखेड.

नगरहून जामखेडला जाताना मधे बीड जिल्ह्याचा एक तुकडा लागतो, मग पुन्हा आपला जिल्हा सुरू होतो. मे महिन्यात या सगळ्या पट्ट्यात पाहण्यासारखं काही नसतं. नांगरून ठेवलेली रानं, टँकर, बंद पडलेल्या रसवंत्या. त्यांनी वाटेत दोनच प्रश्न विचारले. पहिला, मुलगी किती मोठी आहे. दुसरा, मराठीत हे वाक्य दुसऱ्या कोणत्या प्रकारे म्हणता आलं असतं. मी सांगितलेला प्रत्येक पर्याय ते मनात म्हणून पाहत होते. ओठ हलताना दिसत.

घर गावाबाहेरच्या वस्तीवर होतं. पुढे पत्र्याची पडवी, एक लिंब, आणि दारातून दिसणारी बुद्धाची तसबीर. तिची आई बाजेवर शेंगा फोडत बसली होती. “जयभीम,” अभियंते हात जोडून म्हणाले. हे ते लाईनवर शिकले होते. म्हातारीने त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि आत हाक मारली, “अगं, तुजा पाना आलाय बग!”

भाडेकरीण बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. “आई, मोठ्यानं म्हनू नको की.”

“का? एवडा साता समुद्रापल्याडचा मानूस वस्तीवर आला, ते काय उगंच आला? पटावर घ्यायला आला आसंल,” म्हातारी म्हणाली आणि त्यांच्यासाठी बाज मोकळी केली.

तिच्या तोंडावर त्या क्षणी तेच होतं. तिने आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सुरुवात केली: “कंपनीला आता तुमच्यावाचून—”

“ह्ये आयकलंय, सायेब.”

“हो.” ते थांबले. गाडीत जमवलेलं एकही वाक्य त्यांनी वापरलं नाही. “फोन येणार नाही. जूनमध्ये नाही. दिवाळीला नाही. ब्रेक नाही. काम संपलं. मशीन गेली.”

“कुटं गेली?”

“दुसरा देश.”

“मशीनीला पासपोर्ट मिळाला म्हना,” ती म्हणाली. कोणी हसलं नाही. तिनेही नाही.

म्हातारीने विचारलं, “आन त्यो सुपरवायझर ब्रेक म्हनला त्ये?”

“त्याला पण माहीत नव्हतं,” अभियंते म्हणाले. “त्याचं पण काम संपलं.”

भाडेकरीण खाली बसली आणि आईच्या सुपातल्या शेंगा फोडू लागली. टरफल एकीकडे, दाणे एकीकडे. किडका दाणा बोटाला लागला की बाजूला टाकत होती. मग मान वर न करता म्हणाली, “दाखला काडला म्या. काल.”

मुलगी तेवढ्यात पाणी घेऊन आली. उंच, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिला माझं घर ऐकून माहीत होतं. तिने विचारलं, खिडकीतून शाळेची घंटा ऐकू येते का. मी म्हटलं, येते. ती खरी गोष्ट होती. मुलीने आईकडे पाहिलं, जणू आईने सांगितलेलं आणखी एक खरं निघालं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, शेंगांची आमटी आणि मिरचीचा ठेचा. अभियंत्यांनी ठेचाही खाल्ला. त्यांनी मधेच विचारलं की दुसऱ्या लाईनवर जागा निघाली तर ती येईल का. भाडेकरीण म्हणाली, निघंल का? त्यांनी खरं उत्तर दिलं: माहीत नाही, माझ्या हातात नाही. मला ते उत्तर आवडलं नाही, तरी त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. म्हातारी त्यांच्या ताटात वाढत राहिली आणि म्हणाली, “खा बाबा. तुला तरी कुटं आई हाय हितं.”

निघताना ते गाडीकडे पुढे गेले. भाडेकरीण माझ्याबरोबर लिंबापर्यंत आली.

“तुमी सांगितलं हुतं,” ती म्हणाली.

“मला तरी खात्री कुठे होती.”

“व्हती. तुमचं तोंड तसंच व्हतं.” मग थोडं थांबून, “खोलीला गिऱ्हाईक बगा, ताई.”

“घाई नाही. सामान राहू दे. सुप्यात दुसरीकडे विचार, एवढे कारखाने आहेत. जूनपर्यंत—”

“न्हाई. खोली हाय तवर ती रोज इचारनार, कवा जायचं. मीबी म्हननार, जाऊ की. ह्या वर्सी, फुडल्या वर्सी. नगं.” तिने मागे पाहिलं. मुलगी पडवीत ताटं गोळा करत होती. “तुमी देऊन टाका.”

परतीच्या वाटेवर अभियंत्यांनी ते वाक्य कसं म्हणता आलं असतं, हा प्रश्न पुन्हा विचारला नाही. मी मात्र तो अजून स्वतःला विचारते. एवढी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात गेली. त्यांच्या त्या वाक्यात आजही मला बदल सुचत नाही. ते नेमकं होतं, सभ्य होतं आणि बोलणाऱ्याला त्यातला शब्द न् शब्द लागला होता. तरी ते ऐकून एका बाईने मुलीचा दाखला काढला. पावसाळ्यानंतर त्यांची बदली झाली. रविवार पुन्हा रिकामा झाला. स्पॅनिश पुढे गेली नाही.

मुख्याध्यापकांनी दाखला परत घेतला. गावात ओळख असते, तेवढं होतं. मुलगी पाचवीला गावच्याच शाळेत बसली.

जूनच्या मध्यावर भाडेकरीण सामान न्यायला आली, एकटी, दुपारच्या एसटीने. स्टोव्ह, दोन पातेली, गादीची वळकटी, कंपनीचा निळा कोट. कोट धुऊन घडी घातलेला होता. तो न्यायचा की ठेवायचा यावर ती जराशी घुटमळली आणि मग पातेली त्यातच गुंडाळली. खोली झाडली. खिडकी उघडीच होती. ती तिने आतून लावून घेतली आणि कडी बसली का ते ओढून पाहिलं. मी म्हटलं, आज राहा, सकाळी जा. ती म्हणाली, “नगं ताई. उद्या शाळा उगडती. पोरीला सोडायला जायचं हाय.”